नवाहो कायदा आणि दुकानातली उचलेगिरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवाहो राष्ट्र म्हणजे नेमके काय? त्याला स्वतःचा फौजदारी कायदा कसा काय?

नवाहो लोक स्वतःला दिने म्हणवतात. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत मिळून सुमारे ७० हजार चौरस किलोमीटर एवढी त्यांची भूमी आहे. राजधानी विंडो रॉक, नोंदणीकृत सदस्य चार लाखांच्या आसपास. १ जून १८६८ रोजी अमेरिकेशी झालेल्या तहाने हे लोक न्यू मेक्सिकोतल्या बॉस्के रेदोंदोच्या बंदिवासातून आपल्या मुलखात परतले. आपल्या माणसांवर आपला कायदा चालवण्याचा अधिकार वॉशिंग्टनने त्यांना बहाल केलेला नाही, तो आधीपासूनच त्यांचा होता. अमेरिकेच्या संसदेने आणि न्यायालयांनी तो काही बाजूंनी छाटला, पण मूळ शाबूत आहे.

आजची न्यायव्यवस्था १ एप्रिल १९५९ पासून सुरू झाली. १९८५ च्या सुधारणेने नवाहो सर्वोच्च न्यायालय आले. लिखित कायदा 'नवाहो नेशन कोड' या नावाने आहे आणि त्यातले १७ वे टायटल, म्हणजे भाग, फौजदारी गुन्ह्यांचे. त्याच्या पाठीशी दिने परंपरेचा मूलभूत कायदा उभा आहे. २००२ मध्ये नवाहो कौन्सिलने, म्हणजे नवाहो विधिमंडळाने, त्याला लिखित मान्यता दिली. न्यायाधीश निकाल देताना दोन्ही वापरतात. परंपरा तिथे निकालपत्राच्या प्रस्तावनेत शोभेला ठेवत नाहीत, निकाल तिच्यावर ठरतो.

उचलेगिरी हा गुन्हा ठरायला काय काय सिद्ध व्हावे लागते?

चोरीच्या कोणत्याही खटल्यात लागते तेच: माल दुसऱ्याचा होता, मालकाची संमती नव्हती, आरोपीने तो घेतला, आणि परत न देण्याच्या किंवा पैसे न भरण्याच्या हेतूने घेतला. खरी लढाई या शेवटच्या मुद्द्यावर होते. कडेवर मूल, हातात फोन, आणि ट्रॉलीच्या खालच्या फळीवर राहून गेलेले पिठाचे पोते यात हेतू दिसत नाही. किमतीची चिठ्ठी सोलून दुसरी चिकटवली असेल किंवा वस्तू कोटाच्या अस्तरात सारली असेल, तर हेतू कृतीतूनच बोलतो.

आरोप नेमका कोणत्या कलमाखाली आहे ते आरोपपत्रावर छापलेले असते, तेच वाचावे. या टायटलमध्ये अनेकदा दुरुस्त्या झाल्या आहेत, त्यामुळे जुन्या प्रतीतला क्रमांक किंवा शिक्षा धरून चालणे धोक्याचे.

खटला कोणत्या न्यायालयात चालणार हे कसे ठरते?

याच प्रश्नाचा घोळ सर्वांत जास्त होतो, आणि त्यात जाणकारही चुकतात. आपल्याकडे गुन्हा कुठे घडला ते पाहिले की पोलीस ठाणे ठरते. नवाहो भूमीवर आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: आरोपी कोण, माल कोणाचा, आणि किंमत किती.

आरोपी नवाहो असेल आणि गुन्हा नवाहो भूमीवर घडला असेल, तर नवाहो जिल्हा न्यायालयाचा अधिकार पक्का. दुकान नवाहो माणसाचे असो की फीनिक्समधल्या एखाद्या सुपरमार्केट कंपनीचे, त्याने हा अधिकार कमी होत नाही. फरक एवढाच की मालक इंडियन, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ जमातींचा, नसेल तर केंद्र सरकारलाही खटला भरता येतो, पण आरोपीला जमातीच्या न्यायालयात त्याच कृत्याची शिक्षा आधीच झाली असेल तर तो रस्ता बंद होतो. ॲरिझोना किंवा न्यू मेक्सिको राज्याचा फौजदारी कायदा रिझर्व्हेशनवरच्या (जमातीच्या राखीव भूमीवरच्या) नवाहो आरोपीला लागू होत नाही.

आरोपी इंडियन नसेल तर चित्र पार उलटते. १९७८ च्या ओलिफंट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की जमातीच्या न्यायालयांना बिगर-इंडियन माणसावर फौजदारी खटला चालवता येत नाही. २०१३ आणि २०२२ च्या कायद्यांनी कौटुंबिक हिंसाचार, लैंगिक हिंसा अशा काही गुन्ह्यांपुरती ही बंदी सैल केली, पण चोरी त्या यादीत नाही. मग अशा आरोपीचे काय? मालकही बिगर-इंडियन असेल तर प्रकरण राज्याकडे जाते. हा नियम थेट १८८१ च्या मॅकब्रॅटनी खटल्यापासूनचा. मालक नवाहो असेल तर केंद्राकडे जाते, आणि २०२२ च्या कास्त्रो-हुएर्ता निकालानंतर राज्यालाही त्यात हात घालता येतो.

दुकान नवाहो राष्ट्राच्याच मालकीच्या उपक्रमाचे असेल तर आणखी एक पदर आहे. १९४१ पासून चालत आलेला नवाहो आर्ट्स अँड क्राफ्ट्स एंटरप्राइज हे याचे ठळक उदाहरण. जमातीच्या संस्थेची मालमत्ता चोरणे हा स्वतंत्र केंद्रीय गुन्हा आहे आणि तो कोणालाही लागू होतो, मग चोर इंडियन असो वा नसो.

अमेरिकन कायद्यात 'इंडियन' म्हणजे कोण? माझा पासपोर्ट भारताचा आहे.

हा प्रश्न मराठी वाचक विचारतोच, आणि विचारायलाच हवा. या कायद्यातला 'इंडियन' म्हणजे अमेरिकेतल्या मूळ जमातींचा माणूस. पुण्याहून किंवा पणजीहून मॉन्युमेंट व्हॅली, अँटिलोप कॅन्यन बघायला गेलेला भारतीय नागरिक या व्याख्येत 'नॉन-इंडियन' ठरतो. एखाद्या फॉर्मवर 'इंडियन' या शब्दापुढे खूण करताना हे ध्यानात ठेवावे.

साधारणपणे दोन गोष्टी तपासतात: अंगात काही प्रमाणात मूळ जमातीचे रक्त, आणि केंद्राने मान्य केलेल्या जमातीशी नाते. नवाहो सदस्यत्वासाठी किमान एक चतुर्थांश नवाहो रक्त लागते. ज्याच्याकडे सदस्यत्वाचा दाखला आहे त्याच्या बाबतीत वाद उरत नाही. सरकारी वकिलाने मात्र तो दाखला खटल्याच्या कागदांत लावलेला असायला हवा. तो राहून गेला म्हणून उभा खटला आडवा झाल्याची उदाहरणे केंद्रीय न्यायालयांत आहेत.

म्हणजे पर्यटकाला नवाहो पोलीस हात लावू शकत नाहीत?

लावू शकतात. खटला चालवण्याचा अधिकार वेगळा, अडवून ठेवण्याचा वेगळा. २०२१ च्या कूली खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की रिझर्व्हेशनमधून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावरही जमातीचा पोलीस बिगर-इंडियन माणसाला संशयावरून काही वेळ थांबवू शकतो आणि झडती घेऊ शकतो. त्यानंतर त्याला राज्याच्या किंवा केंद्राच्या पोलिसांच्या स्वाधीन केले जाते. शिवाय काही नवाहो अधिकाऱ्यांकडे करारान्वये राज्याचे अधिकारही असतात. त्यामुळे 'तुमचा माझ्यावर अधिकार नाही' असे सांगून गाडी सुरू करण्यात शहाणपण नाही.

दुसरे हत्यार हद्दपारीचे. सदस्य नसलेल्या व्यक्तीला नवाहो भूमीत येण्यास मनाई करण्याची दिवाणी प्रक्रिया नवाहो कायद्यात आहे आणि गुन्हा हे तिचे एक कारण आहे. तिची मुळे १८६८ च्या तहात आहेत, कारण परवानगीशिवाय बाहेरच्याने इथे वावरू नये ही अट तेव्हाच घातली गेली.

व्हिसावर असलेल्याने आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. ॲरिझोनात एक हजार डॉलरच्या आतली उचलेगिरी हा पहिल्या वर्गाचा किरकोळ गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पण इमिग्रेशन कायद्याच्या नजरेत चोरी हा सहसा नैतिक अधःपाताचा गुन्हा धरला जातो. पहिल्याच लहान गुन्ह्याला एक सवलत आहे, तरी गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलणे आवश्यक आहे. वीस डॉलरच्या कानातल्यांची कबुली पुढच्या व्हिसा अर्जात वर्षानुवर्षे लिहावी लागते.

दुकान नवाहो भूमीवर आहे की नाही हे कसे कळणार?

चिन्ले, केयेंटा, विंडो रॉक, शिपरॉक ही गावे रिझर्व्हेशनच्या आत आहेत, तिथे प्रश्न नाही. रिझर्व्हेशनच्या हद्दीत खासगी मालकीचा तुकडा असला तरी तोही केंद्रीय व्याख्येनुसार 'इंडियन कंट्री'च, म्हणजे वर सांगितलेले नियम चालणारी भूमी. गॅलप, फार्मिंग्टन, फ्लॅगस्टाफ, पेज ही शहरे बाहेर आहेत, आणि तिथल्या दुकानात नवाहो माणसाने चोरी केली तरी खटला राज्याच्याच न्यायालयात चालतो.

अडचण पूर्वेकडे, क्राउनपॉइंटच्या परिसरात. तिथे जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी चौकोनाचौकोनांत वाटली गेली आहे: एक चौकोन जमातीचा, शेजारचा खासगी, पुढचा नवाहो कुटुंबाला दिलेला, त्यापुढचा राज्याचा. कुटुंबाला दिलेला विश्वस्त तुकडा 'इंडियन कंट्री' असतो. रिझर्व्हेशनच्या हद्दीबाहेरचा खासगी तुकडा सहसा नसतो. तेव्हा एकाच रस्त्यावरच्या समोरासमोरच्या दोन दुकानांचे कायदे वेगळे असू शकतात. तक्रारीत नुसते गावाचे नाव पुरत नाही, भूखंडाची नोंद लागते.

एक हजार डॉलरची रेषा म्हणजे काय?

१८८५ च्या मेजर क्राइम्स ॲक्टने काही गंभीर गुन्ह्यांत इंडियन आरोपींनाही केंद्रीय न्यायालयात खेचले. त्या यादीत मोठी चोरी आहे, पण केंद्रीय कायद्यानुसार ती गंभीर ठरायला मालाची किंमत एक हजार डॉलरच्या वर असावी लागते किंवा माल माणसाच्या अंगावरून हिसकावलेला असावा लागतो. तशा चोरीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

रोजची उचलेगिरी, म्हणजे किराणा, बॅटऱ्या, बाळाचे दूध, कपडे, या रेषेच्या खूप खाली असते आणि नवाहो न्यायालयातच राहते. दागिन्यांचे तसे नाही. चांदी आणि फिरोजाचा एकच जुना हार हजाराचा आकडा सहज ओलांडतो. आणि दारातून पळताना रखवालदाराला ढकलले, मारले किंवा धमकावले, तर ती उचलेगिरी राहत नाही. ती जबरी चोरी ठरू शकते, आणि तशी ठरली तर किंमत कितीही असली तरी केंद्राच्या यादीत जाऊन बसते. पाच डॉलरच्या पाकिटापायी असे होऊ शकते.

आरोपी दुसऱ्या जमातीचा असेल तर?

ट्युबा सिटीला लागूनच मोएन्कोपी हे होपी लोकांचे गाव आहे, त्यामुळे हा प्रश्न तिथे रोजचा. दुसऱ्या जमातीच्या माणसावर खटला चालवण्याचा जमातींचा अधिकार १९९० च्या ड्यूरो निकालाने काढून घेतला होता. संसदेने पुढच्याच वर्षी कायदा करून तो परत दिला आणि २००४ च्या लारा निकालाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. म्हणून होपी, झुनी, अपाची कोणीही असो, नवाहो भूमीवरच्या चोरीचा खटला नवाहो न्यायालयात चालू शकतो.

नवाहो न्यायालयाची स्वतःची वाट अधिक मुळापर्यंत जाते. १९९९ मध्ये रसेल मीन्स यांच्या खटल्यात नवाहो सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नवाहो कुटुंबात लग्न करून राहणारा माणूस हा 'हदाने', म्हणजे सोयरा. सोयरिकीबरोबर हक्क येतात तशी बांधिलकीही येते. मीन्स लकोटा जमातीचे होते, राहत होते चिन्लेत.

पकडल्यापासून निकालापर्यंत काय काय होते?

दुकानदार नवाहो पोलिसांना कळवतो. अंतरे प्रचंड आहेत, ट्युबा सिटी ते विंडो रॉक सुमारे अडीचशे किलोमीटर. गाडी यायला तासही लागतो. म्हणून दुकानाने तेवढ्यात केलेली नोंद मोलाची ठरते.

अधिकारी समन्स देतो किंवा अटक करतो. अहवाल नवाहो सरकारी वकिलाच्या कार्यालयात जातो. आरोपपत्र दाखल करायचे की नाही ते हे कार्यालय ठरवते, दुकानदार नव्हे. त्यानंतर पहिली हजेरी. इथे आरोप वाचून दाखवतात, हक्क समजावतात आणि 'कबूल' की 'नाकबूल' ते विचारतात. किरकोळ प्रकरणात जातमुचलक्यावर किंवा जामिनावर सुटका होते. पुढे साक्षीपुरावा, आणि शेवटी निकाल. कैद होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात आरोपी किमान सहा जणांची ज्युरी मागू शकतो, पण ती मागावी लागते. दिने भाषेत कामकाज चालू शकते आणि तिथल्या न्यायाधीशाला ती भाषा यावी लागते.

हक्क समजावण्याची नवाहो पद्धत वेगळी आहे म्हणतात, ते काय?

अमेरिकन चित्रपटांत पोलीस हातकड्या घालता घालता हक्कांची यादी घडाघडा म्हणून टाकतात. नवाहो सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये रॉड्रिगेझ खटल्यात एवढ्यावर भागणार नाही असे सांगितले. इंग्रजी फॉर्म पुढे सरकवून सही घेतली म्हणजे माणसाने हक्क सोडला असे होत नाही. दिने भाषेत 'हझोओगो' असा शब्द आहे. सावकाश, आदराने, समोरच्याला नीट उमजेपर्यंत बोलणे असा त्याचा भाव. पोलिसाने हक्कांचा अर्थ तसा समजावला पाहिजे, नाहीतर कबुलीजबाब पुराव्यात घेता येत नाही. पुढच्या वर्षी एरियाचो खटल्यात ज्युरीचा हक्क सोडण्यालाही हाच निकष लावला.

आपल्या माणसाशी कसे बोलावे याचा घरातला संस्कार या न्यायालयाने पोलिसांवर बंधनकारक केला. जगातल्या कोणत्याही न्यायव्यवस्थेने हे शिकण्यासारखे आहे.

वकील मिळतो का?

१९६८ च्या इंडियन सिव्हिल राइट्स ॲक्टनुसार एक वर्षापर्यंतच्या कैदेच्या प्रकरणात स्वखर्चाने वकील ठेवण्याचा हक्क आहे. नवाहो राष्ट्र त्यापुढे जाऊन ऐपत नसलेल्यांसाठी सार्वजनिक बचाव कार्यालय चालवते. नवाहो बार असोसिएशनची परीक्षा उत्तीर्ण झालेले, पण कायद्याची पदवी नसलेले 'ॲडव्होकेट'ही न्यायालयात उभे राहू शकतात. त्यांतल्या अनेकांना भाषा आणि घराणी पाठ असतात, आणि उचलेगिरीच्या प्रकरणात त्याचा उपयोग पुष्कळ होतो. बाहेरच्या राज्यातला वकील मात्र या बारचा सदस्य नसेल तर सहसा तुमच्या वतीने बोलू शकत नाही. तो ठरवण्याआधी एवढे विचारून घ्या.

शिक्षा जास्तीत जास्त किती?

वरची मर्यादा केंद्रीय कायद्याने बांधली आहे. १९६८ मध्ये ती सहा महिने कैद आणि ५०० डॉलर होती, १९८६ मध्ये एक वर्ष आणि ५,००० डॉलर झाली. २०१० च्या कायद्याने एका गुन्ह्याला तीन वर्षे आणि १५,००० डॉलरपर्यंत वाट मोकळी केली, पण त्यासाठी सरकारी खर्चाने वकील, कायदा शिकलेला न्यायाधीश, कामकाजाची ध्वनिमुद्रित किंवा अन्य नोंद अशा अटी आहेत. उचलेगिरीचे प्रकरण या टोकाला जात नाही.

नवाहो कायदा स्वतः या मर्यादेच्या खूप आत राहतो. २००० मध्ये कौन्सिलने डझनावारी गुन्ह्यांची कैद आणि दंड काढून टाकले आणि भरपाई, पीसमेकिंग (नातलगांना बसवून समेट घडवणारी बैठक), समाजसेवा यांवर भर दिला. नंतरच्या दुरुस्त्यांनी काही ठिकाणी शिक्षा परत आणल्या. म्हणून २००० च्या सुधारणेबद्दलचा जुना लेख वाचून 'नवाहो न्यायालयात चोरीला तुरुंग नाहीच' असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. न्यायाधीशापुढे परिविक्षा (प्रोबेशन), समाजसेवा, भरपाई, समुपदेशन आणि कैद असे पर्याय असतात. कोणता निवडला जाईल ते पूर्वीच्या नोंदीवर आणि चोरीमागच्या कारणावर अवलंबून असते.

दिने परंपरेतले 'नाल्ये' म्हणजे दंड का?

नाही. दंड सरकारच्या तिजोरीत जातो. नाल्ये ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे जाते. भरपाई हा शब्द जवळचा, पण अपुरा. किती द्यायचे याचे मोजमाप मालाच्या किमतीपाशी थांबत नाही. मनात अढी राहणार नाही इतके द्यायचे, हे खरे माप. पूर्वी घोडे, मेंढ्या, दागिने देत. आज पैसे, काम, लाकूडफाटा, माफी यांचे मिश्रण असते.

समजा, एका तरुणाने ३८ डॉलरचा माल उचलला: बॅटऱ्यांची पाकिटे, एक हातमोज्यांचा जोड, मांसाचा डबा. डबा उघडलेला, बाकीचे जसेच्या तसे. सरळ हिशेबाने बॅटऱ्या आणि मोजे परत, डब्याचे पैसे, विषय संपला. नाल्येच्या हिशेबात काउंटरवरची मुलगीही येते, कारण तिच्या पाळीत माल गेला म्हणून तिला दोन तास बसून जाब द्यावा लागला. ती तरुणाच्या आईच्या कुळातली निघाली तर बोच आणखी खोल. तेव्हा डब्याचे पैसे दुकानाला, चार शनिवार सकाळी दुकानाच्या आवाराची सफाई, आणि त्या मुलीची तिच्या घरच्यांसमोर माफी असे ठरू शकते. रक्कम लहान आहे, पण तरुणाला समोर बसून ऐकून घ्यावे लागते की त्याच्या हातून नेमके कोणाचे काय बिघडले.

पीसमेकिंगची बैठक प्रत्यक्षात कशी होते?

१९८२ मध्ये नवाहो न्यायालयांनी ही जुनी रीत व्यवस्थेत पुन्हा आणली. न्यायाधीश प्रकरण तिकडे पाठवू शकतो किंवा पक्षकार स्वतः मागणी करू शकतात.

बैठक चालवणारा 'नाताआनी' हा समाजाने मानलेला, शब्दाला वजन असलेला माणूस असतो. आपल्याकडचा मध्यस्थ तटस्थ राहतो, नाताआनी तसा राहत नाही. तो ओळखीचा असतो, कधी नात्यातलाही, आणि आपले मत स्पष्ट बोलतो. सुरुवात प्रार्थनेने होते. मग ज्याचे नुकसान झाले तो बोलतो, ज्याने केले तो बोलतो, आणि दोघांचे आईकडचे-वडिलांकडचे नातलग बोलतात. मध्ये तोडायचे नसते. 'दारू प्यायलो होतो', 'कोणाचे काही बिघडले नाही' अशा सबबी निघतात. न्यायालयात वकील त्या खोडतो, इथे मावशी खोडते, आणि तिचे बोलणे जास्त लागते. नाताआनी सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथांतला प्रसंग सांगून असे पूर्वी घडले तेव्हा काय झाले ते पुढे ठेवतो. शेवटी सगळ्यांच्या संमतीने काय द्यायचे, काय करायचे ते ठरते. ते लिहून न्यायालयात दाखल केले की त्याला आदेशाचे बळ येते.

वाईट वागणाऱ्याबद्दल दिने लोक म्हणतात, 'हा असा वागतो, जणू याला कोणी नातलगच नाहीत.' मराठीत आगापिछा नसलेला म्हणतो, त्याच्या जवळचे. म्हणून उपाय म्हणजे नातलगांना बोलावणे. माजी मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट याझी यांनी या पद्धतीला आडवा न्याय म्हटले: वरून खाली हुकूम देणाऱ्या उभ्या न्यायाच्या तुलनेत सगळे एका पातळीवर बसलेला.

मग ही जातपंचायतच झाली की!

साम्य वरवरचे आहे. महाराष्ट्रात जातपंचायतींनी कुटुंबे वाळीत टाकली, म्हणूनच २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. पीसमेकिंगची दिशा नेमकी उलटी आहे. माणसाला बाहेर फेकायचे नसते, सुटलेल्याला नात्यात परत ओढायचे असते. तोडगा संमतीशिवाय होत नाही, तो न्यायालयाच्या छत्राखाली असतो, आणि न पटल्यास खटल्याची वाट उघडी असते. आपल्या नव्या न्याय संहितेतली एक तरतूद मात्र याच्या जवळ जाते: चोरीची किंमत ५,००० रुपयांच्या आत, पहिलाच गुन्हा आणि माल किंवा किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची.

पीसमेकिंग कुठे फसते?

दुकान मोठ्या साखळीचे असते तिथे. समोर बसायला माणूसच येत नाही. कंपनीचे धोरण 'तक्रार करा आणि पुढे व्हा' असे असते आणि नुकसान सोसलेला मालक हजारो किलोमीटर दूर असतो. अशा वेळी स्थानिक व्यवस्थापकाला पाठवायला कंपनीने परवानगी दिली तर बैठक जिवंत होते, नाहीतर ती आरोपी आणि त्याच्या घरच्यांपुरती उरते. दुसरे कारण व्यसन. माल विकून दारूची सोय करणारा माणूस मनापासून कबूल करतो आणि पंधरवड्याने पुन्हा सापडतो. उपचाराची सोय करारातच लिहिली नसेल तर नाल्ये घरच्यांच्या खिशातून जाते आणि मूळ दुखणे तसेच राहते. तिसरे, तारखा न लिहिलेला करार. 'लवकरच देईन' हे कोणत्याही भाषेत पाळले जात नाही.

मूल पकडले गेले तर?

अठरा वर्षांखालील मुलांची प्रकरणे कौटुंबिक न्यायालयात, २०११ च्या मुलांविषयीच्या नवाहो कायद्याखाली चालतात. भर सुधारणेवर आणि कुटुंबाला सोबत घेण्यावर असतो. पालकांना बोलावतात, आणि आजी-आजोबा किंवा मावशी सांभाळ करत असेल तर तिने यायला हवे.

गॅलपमध्ये चोरी करून कोणी रिझर्व्हेशनवर परतला तर?

खटला न्यू मेक्सिकोचा, पण राज्याचे पोलीस थेट आत जाऊन अटक करू शकत नाहीत. नवाहो कायद्यात प्रत्यार्पणाची प्रक्रिया आहे, तिच्यातून जावे लागते. ॲरिझोनाने ती डावलून केलेली अटक १९६९ मध्ये टर्टल खटल्यात केंद्रीय अपील न्यायालयाने बेकायदा ठरवली. वॉरंट मात्र मरत नाही. पुढच्या खेपेला खरेदीला शहरात गेलेला माणूस सिग्नलवर थांबवला जातो आणि जुने प्रकरण उभे राहते. वकील करून स्वतः हजर होणे स्वस्त पडते.

एकाच चोरीसाठी दोन ठिकाणी खटला होऊ शकतो?

होऊ शकतो. १९७८ च्या व्हीलर खटल्यातला आरोपी नवाहोच होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नवाहो राष्ट्र आणि अमेरिका या दोन वेगळ्या सत्ता आहेत, म्हणून एकाच घटनेवर दोन्हीकडचे खटले म्हणजे दुहेरी शिक्षा नव्हे. किरकोळ चोरीत मात्र केंद्र सहसा पडत नाही, आणि जमातीच्या न्यायालयात शिक्षा आधीच झाली असेल तर वर सांगितल्याप्रमाणे त्याला पडताही येत नाही.

निकालाविरुद्ध अपील कुठे?

विंडो रॉकच्या नवाहो सर्वोच्च न्यायालयात, तीन न्यायमूर्तींपुढे. मुदत ३० दिवस. कैद बेकायदा आहे एवढ्याच मुद्द्यावर पुढे केंद्रीय न्यायालयात हेबिअस कॉर्पस मागता येतो.

दुकानदाराने काय जपून ठेवावे?

मालाची यादी बारकोड आणि किमतीसह, त्याच दिवशी काढलेली. वस्तू कुठून उचलली, कुठे दडवली, पैसे भरण्याची जागा कधी ओलांडली याची मिनिटांसह नोंद. कॅमेऱ्याचे चित्रण लगेच वेगळे काढा, बरीच यंत्रे काही दिवसांत जुन्यावर नवे लिहितात. माल परत मिळाला तर फोटो काढून ठेवा, उघडलेला आहे की नाही ते दिसू द्या. आणि ज्याने पाहिले त्यालाच साक्षीला पाठवा. पाहणारा कर्मचारी नोकरी सोडून गेला, त्याच्या जागी व्यवस्थापक आला आणि 'मला सांगण्यात आले' म्हणाला, की पुरावा तिथेच ढासळतो.

दिवाणी वसुली करायची असेल तर तीही नवाहो न्यायालयात. गनाडोतल्या एका व्यापाऱ्याने उधारीसाठी नवाहो जोडप्यावर ॲरिझोनाच्या न्यायालयात दावा लावला होता. तो १९५९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे व्यापारी हरला. विल्यम्स विरुद्ध ली हा खटला आजही या विषयाचा पाया आहे.

तारखेला वेळेवर पोहोचूनही गैरहजेरी का लागते?

घड्याळामुळे. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नवाहो राष्ट्र करते. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत विंडो रॉक फीनिक्सच्या एक तास पुढे असते. होपी भूमी पुन्हा फीनिक्सबरोबर. फीनिक्सहून निघालेल्याचा फोन वाटेतल्या टॉवरप्रमाणे दोन-तीनदा वेळ बदलतो. नऊची तारीख असते, माणूस आपल्या नऊला पोहोचतो, आणि न्यायालयात दहा वाजून गेलेले असतात. तोवर गैरहजेरीचे वॉरंट निघालेले असू शकते. समन्स हाती पडताच न्यायालयाच्या कारकुनाला फोन करा, त्यांच्या भिंतीवर आत्ता किती वाजले ते विचारा आणि त्यावर हातातले घड्याळ लावा. उशीर झालाच तर परत फिरू नका, कारकुनाकडे जाऊन हजर असल्याची नोंद करून घ्या आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या.